समुद्रातल्या पवनचक्क्यांना अमेरिकेत एवढा विरोध का? मच्छीमार, देवमासे, कोर्ट आणि राजकारण – वाचा सविस्तर माहिती

मोबाईलवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. किनाऱ्यावर मरून पडलेला अवाढव्य देवमासा, भोवती माणसांची गर्दी, आणि खाली लिहिलेलं की समुद्रातल्या पवनचक्क्यांनी याचा जीव घेतला. आपल्या ग्रुपवरही तो दोन-तीनदा येऊन गेला. त्यावरून काही वाचकांनी विचारलं, की समुद्रात पवनचक्क्या असतात का? आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प त्यांच्यामागं हात धुऊन का लागलेत? प्रश्न रास्त आहेत. आपल्या भागातल्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा आपणही बरंच काही बघितलंय, त्यामुळं हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही.

समुद्रात पवनचक्की कशासाठी?

जमिनीवर डोंगर, झाडं, घरं वारा अडवतात. समुद्रावर अडवायला काही नसतं. त्यामुळं तिथला वारा जास्त जोराचा आणि जास्त तास चालणारा असतो. शिवाय पवनचक्कीचं पातं जेवढं लांब तेवढी वीज जास्त. पण लांब पातं घाटातून, गावातून न्यायचं कसं? आपल्याकडं पात्यांचे ट्रेलर गावातून जाताना विजेच्या तारा बांबूनं वर उचलाव्या लागायच्या, वळणावर तासतासभर रस्ता बंद. समुद्रात ही अडचण नाही, पाती जहाजावरून जातात. म्हणून तिथं एकेका पात्याची लांबी शंभर मीटरच्या वर गेली आहे. आपल्याकडच्या जुन्या पवनचक्क्या एक मेगावॉटच्याही आतल्या होत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापुढं 'व्हिनयार्ड विंड' नावाचा प्रकल्प आहे, त्यातली एक पवनचक्की १३ मेगावॉटची आहे. अशा ६२.

समुद्राच्या तळात लोखंडाचा जाडजूड खांब ठोकायचा, त्यावर मनोरा, वर पंखा. वीज तळावर टाकलेल्या केबलमधून किनाऱ्यावर येते. डेन्मार्कनं १९९१ साली असा पहिला प्रकल्प उभा केला, ११ पवनचक्क्यांचा. आज चीन यात सगळ्यात पुढं आहे, त्याखालोखाल ब्रिटन. अमेरिका मात्र फार मागं राहिली. तिथला पहिला प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला, ऱ्होड आयलंड राज्यात, आणि तोही फक्त ५ पवनचक्क्यांचा, ३० मेगावॉटचा. चंद्रावर माणूस पाठवणारा देश इथं पंचवीस वर्षं मागं का राहिला, याचं उत्तर वाऱ्यात नाही. परवानगीत आहे.

समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

हे आधी समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या ताब्यात असतो. त्याच्या पुढचा दोनशे सागरी मैलांपर्यंतचा केंद्र सरकारच्या. मोठ्या पवनचक्क्या त्या पुढच्या समुद्रात लागतात. तिथली जागा केंद्राचं 'अंतर्गत खातं' लिलावानं भाड्यानं देतं. (नावावरून गोंधळ नको. हे आपल्या गृहखात्यासारखं पोलिसांचं खातं नाही. सरकारी जमिनी, खाणी, समुद्रतळ असलं सगळं त्याच्याकडं असतं.)

आता गंमत बघा. अमेरिकेत वाऱ्यापासून सगळ्यात जास्त वीज तयार होते टेक्सास राज्यात. ते ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. आयोवा हे मक्याचं राज्य, तेही याच पक्षाकडं झुकलेलं, आणि तिथली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची. मग तिथं एवढा आरडाओरडा का नाही? कारण तिथल्या पवनचक्क्या शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत उभ्या आहेत. शेतकऱ्याला दरवर्षी भाडं मिळतं, खाली मका चालूच राहतो. गावाला कर मिळतो. तिथं पवनचक्कीला हात लावला तर मतदारच बोलतो. समुद्रात भाडं खाणारा गाववाला कुणीच नाही. भाडं थेट सरकारी तिजोरीत जातं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वीज मिळेल, पण ती तर त्याला आधीही मिळतच होती. म्हणजे विरोध करायला माणसं सापडतात, बाजू घ्यायला स्थानिक माणूस कमी. आणि मुख्य परवानगी एका खात्याच्या सहीवर. सही थांबली की सगळं थांबलं.

केप विंड: सोळा वर्षं आणि एकही पवनचक्की नाही

या विरोधाचा सगळा अभ्यास एका प्रकल्पावरून करता येतो. त्याचं नाव 'केप विंड'.

२००१ मध्ये जिम गॉर्डन या वीज उद्योजकानं हा प्रस्ताव आणला. जागा मॅसॅच्युसेट्समधल्या नँटकेट साउंड या समुद्रपट्ट्यात, हॉर्सशू शोल नावाच्या उथळ भागावर. १३० पवनचक्क्या, ४६८ मेगावॉट. किनाऱ्यापासून साधारण आठ किलोमीटर. अडचण एवढीच, की समोरचा किनारा अमेरिकेतल्या गडगंज श्रीमंतांचा. उन्हाळ्यात तिथं त्यांचे बंगले, शिडाच्या होड्या, शर्यती. केनेडी घराण्याचा प्रसिद्ध वाडाही तिथंच, हायनिस पोर्टला.

सिनेटर एडवर्ड केनेडी हे डेमोक्रॅटिक पक्षाचे दिग्गज. पर्यावरणाचे कैवारी म्हणून नाव. त्यांनी या प्रकल्पाला शेवटपर्यंत विरोध केला. त्यांचे पुतणे रॉबर्ट केनेडी ज्युनियर हे तर पर्यावरणाचे वकील. त्यांनीही २००५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून विरोध केला. (हेच गृहस्थ पुढं ट्रम्प सरकारात आरोग्यमंत्री झाले.) राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर मिट रॉम्नी रिपब्लिकन. त्यांचाही विरोध. आणि विरोधकांच्या संघटनेला पैसा पुरवणाऱ्यांत सगळ्यात पुढं होते बिल कोक. त्यांचा धंदा कोळसा आणि पेट्रोलियम कोकचा, बंगला त्याच किनाऱ्यावर. म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्षांचे लोक बंगल्याच्या गच्चीवरून दिसणाऱ्या समुद्रासाठी एका रांगेत आले. आपल्याकडं साखर कारखान्याच्या निवडणुकीत असं बघायला मिळतं.

त्यांनी काय केलं? प्रकल्प पाडला नाही. लांबवला. कोकसाहेबांनी नंतर मुलाखतीत उघडच सांगितलं, की उशीर करत राहणं हीच आमची रणनीती. खटल्यांवर खटले टाकले. २००५ मध्ये कायदा बदलून परवानगीचं काम लष्कराच्या अभियंता विभागाकडून अंतर्गत खात्याकडं गेलं, तेव्हा बराचसा कागद पुन्हा नव्यानं. २००६ मध्ये तटरक्षक दलाच्या एका विधेयकात हळूच कलम घुसवायचा प्रयत्न झाला, की राज्याच्या गव्हर्नरला हा प्रकल्प नाकारायचा अधिकार द्यावा. गव्हर्नर कोण, तर विरोधातलेच रॉम्नी. गाजावाजा झाल्यावर ते कलम सौम्य करावं लागलं.

या भांडणात एक बाजू मात्र खरोखर वेगळी होती. वाम्पानोआग हे तिथले मूळ रहिवासी, आदिवासी. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या विधीला समुद्रावरून उगवणारा सूर्य मोकळा दिसावा लागतो, आणि हजारो वर्षांपूर्वी ही जागा कोरडी होती तेव्हा आमचे पूर्वज तिथं राहत, त्यांच्या खुणा तळाशी आहेत. सरकारच्या वारसा नोंदणीवाल्यांनी २०१० मध्ये हा समुद्रपट्टा वारसा यादीत बसण्याजोगा आहे असं मान्यही केलं. तरी एप्रिल २०१० मध्ये अंतर्गत मंत्री केन सालाझार यांनी प्रकल्पाला मंजुरी दिली. बंगलेवाल्यांच्या गोंगाटात वाम्पानोआगांचं म्हणणं किती लोकांना नीट ऐकू गेलं, याची शंकाच आहे.

मंजुरी तर मिळाली. पण तोवर नऊ वर्षं गेली. पोलादाचे, यंत्रांचे भाव वाढले. वीज कंपनीशी करार झाला तो युनिटला १८.७ सेंटचा, वर दरवर्षी साडेतीन टक्के वाढ. बाजारात वीज याच्या जवळपास निम्म्या भावात मिळत होती. म्हणजे विरोधकांना आणखी एक मुद्दा मिळाला, आणि तो खोटाही नव्हता. विरोधानं उशीर, उशिरानं महागाई, महागाईनं पुन्हा विरोध. २०१४ संपेपर्यंत पैशांची जुळवाजुळव पूर्ण करायची अट होती, ती झाली नाही. जानेवारी २०१५ मध्ये वीज कंपन्यांनी करार मोडले. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. सोळा वर्षांत एक खांबही ठोकला गेला नाही. विशेष म्हणजे प्रकल्प रद्द करा असा शेवटचा निकाल कुठल्याच कोर्टानं दिला नव्हता.

मच्छीमारांचं काय म्हणणं आहे?

माझ्या मते या सगळ्या विरोधात सगळ्यात जास्त ऐकण्यासारखी बाजू मच्छीमारांची आहे. कारण त्यांचा प्रश्न समुद्र कसा दिसतो हा नाही, रोजच्या पोटाचा आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर माकूल, शिंपले, शेवंड यांची मोठी मासेमारी चालते. ट्रॉलरच्या मागं जाळं लांबवर ओढलं जातं. वारा आणि प्रवाह असताना बोट सरळ रेषेत राहत नाही. मच्छीमार म्हणतात, खांबांच्या मधून जाळं ओढायचं कसं? सरकारनं त्यावर खांबांमध्ये एक सागरी मैल, म्हणजे जवळपास १८५० मीटर अंतर ठेवायचं ठरवलं, उभं-आडवं दोन्हीकडून, उसाच्या सरीसारखं सरळ रेषेत. कागदावर १८५० मीटर भरपूर वाटतात. धुक्यात, रात्री, मागं जाळं असताना तेवढे वाटत नाहीत. दुसरी अडचण रडारची. फिरणाऱ्या पात्यांमुळं बोटीच्या रडारवर खोट्या खुणा उमटतात आणि जवळची छोटी बोट हरवून जाऊ शकते. हे नुसतं मच्छीमारांचं गाऱ्हाणं नाही, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही २०२२ च्या अहवालात ते मान्य केलं.

यातून काही हाती लागलं का? काही ठिकाणी लागलं. व्हिनयार्ड विंडनं २०१९ मध्ये ऱ्होड आयलंडच्या मच्छीमारांशी करार केला. तीस वर्षांत मिळून सुमारे ४२ लाख डॉलर थेट नुकसानभरपाई, आणि वेगळा १ कोटी २५ लाख डॉलरचा निधी, ज्यातून बोटींवरची साधनं वगैरे सुधारता येतील. अनेक मच्छीमारांना ही रक्कम तुटपुंजी वाटली. पण कागदावर आली, हे महत्त्वाचं.

मेन राज्यात त्याहून चांगलं झालं. हे राज्य शेवंडांसाठी प्रसिद्ध. तिथल्या शेवंडवाल्यांनी आरडाओरडा सुरुवातीलाच केला, लिलावाच्या आधी. २०२१ मध्ये राज्यानं कायदा केला की तीन मैलांच्या आतल्या समुद्रात नवीन पवनचक्क्या नकोत, कारण शेवंडांची बहुतेक पकड तिथंच होते. पुढं केंद्रानं मेनच्या आखातात भाड्यानं द्यायचे पट्टे २०२४ मध्ये ठरवले, तेव्हा शेवंडांचा मुख्य पट्टा नकाशातून बहुतेक वगळला. लक्षात घ्या, नकाशा कच्चा असताना बोललेलं नकाशात गेलं. लिलाव झाल्यावर, कंपनीनं कोट्यवधी भरल्यावर जे बोलले त्यांना कोर्टात जावं लागलं.

आणि कोर्टात काय झालं? मासेमारी उद्योगाच्या संघटनेनं व्हिनयार्ड विंडच्या मंजुरीविरोधात दावा केला. खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. अशाच एका दुसऱ्या दाव्यात मच्छीमारांची वकिली करायला पुढं आली टेक्सासमधली एक संस्था, टेक्सास पब्लिक पॉलिसी फाउंडेशन. ही संस्था तेल आणि गॅसवाल्यांच्या देणग्यांसाठी ओळखली जाते. टेक्सासच्या तेलवाल्यांना ईशान्य किनाऱ्यावरच्या माकूल मच्छीमारांचा एकाएकी एवढा कळवळा का यावा, हे वाचकांनीच ठरवावं. मच्छीमारांचा प्रश्न त्यामुळं खोटा ठरत नाही. पण तो कुणाच्या ट्रॉलीत बसून कुठं चाललाय, हे बसणाऱ्यानं बघायला हवं.

देवमाशांच्या व्हिडिओचं खरं काय?

२०२२-२३ च्या हिवाळ्यात न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर पाठोपाठ मेलेले देवमासे आले. त्याच वेळी तिथल्या समुद्रात पवनचक्क्यांसाठी तळाची पाहणी चालू होती. जहाजातून आवाजाच्या लहरी सोडून तळ मोजतात. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. किनाऱ्यावरच्या महापौरांनी पाहणी थांबवा म्हणून पत्रं दिली, खासदारांनी सभा घेतल्या, ट्रम्प यांनी प्रचारात हा मुद्दा उचलला. तेव्हापासून ते व्हिडिओ फिरतायत.

तिथल्या सरकारी समुद्र संस्थेचं, 'नोआ'चं म्हणणं असं: हंपबॅक जातीचे देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरायला लागले ते जानेवारी २०१६ पासून. म्हणजे अमेरिकेत पहिली समुद्री पवनचक्की फिरायच्या आधीपासून. ज्यांची तपासणी करता आली त्यांतल्या सुमारे ४० टक्के माशांवर जहाजाची धडक किंवा दोरखंडात अडकल्याच्या खुणा होत्या. पवनचक्कीच्या पाहणीमुळं एखादा मासा मेला याचा पुरावा संस्थेला सापडला नाही.

म्हणजे पवनचक्क्यांचा त्रास शून्य, असं मात्र नाही. खांब ठोकताना पाण्यात प्रचंड आवाज होतो आणि तो देवमाशांना खरोखर त्रासदायक आहे. म्हणून व्हिनयार्ड विंडला जानेवारी ते एप्रिल खांब ठोकायला बंदी होती, कारण त्या काळात 'राइट व्हेल' जातीचे मासे त्या भागात असतात. या जातीचे आता चारशेही उरलेले नाहीत. एरवी ठोकताना खांबाभोवती हवेचे बुडबुडे सोडून पडदा करतात, त्यानं आवाज दबतो. पण या माशांचे मुख्य वैरी दोनच: जहाजांची धडक, आणि मासेमारीचे दोर. त्यातही शेवंडांच्या पिंजऱ्यांचे दोर आले. ही गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत.

न्यू जर्सीत लोक का चिडले?

देवमासे हे दिसणारं कारण. आतलं कारण वेगळं होतं आणि ते आपल्याला लगेच कळेल.

डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीचे 'ओशन विंड' नावाचे दोन प्रकल्प तिथं येणार होते, मिळून २२४८ मेगावॉट. केबल किनाऱ्यावर ओशन सिटी या गावातून जाणार. गावानं आणि केप मे जिल्ह्यानं नाही म्हटलं. मग २०२१ मध्ये राज्य सरकारनं कायदाच केला, की अशा केबलला स्थानिक संस्थांना अडवता येणार नाही. आपल्याकडं ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला नको म्हणून वरून आदेश काढावा, तसं. जे लोक तोवर काठावर होते तेही पलीकडं गेले.

त्यानंतर जुलै २०२३ मध्ये आणखी एक कायदा. केंद्राकडून मिळणारी करसवलत आधी वीजग्राहकांना मिळायची होती, ती कंपनीला ठेवू द्यायची. कारण काय, तर महागाईमुळं प्रकल्प परवडत नाही. सत्ताधारी डेमोक्रॅट आमदारांनी आपल्याच मतदारांच्या शिव्या खाऊन तो कायदा मंजूर केला. आणि चार महिन्यांत, ३१ ऑक्टोबर २०२३ ला, ऑर्स्टेडनं दोन्ही प्रकल्प सोडले. व्याजदर वाढले, माल आणि जहाजं वेळेवर मिळेनात, हिशोब बसेना, असं कंपनीनं सांगितलं. ज्यांनी कंपनीसाठी मतदारांचा रोष घेतला ते उघडे पडले. विरोधक म्हणाले, आम्ही जिंकलो. खरं तर त्यांना जिंकवलं होतं व्याजदरानं.

पातं तुटलं ती घटना

१३ जुलै २०२४ ला व्हिनयार्ड विंडच्या एका पवनचक्कीचं १०७ मीटरचं पातं तुटलं. फायबर आणि फोमचे तुकडे नँटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहत आले, ऐन सुट्टीच्या हंगामात पोहायला बंदी घालावी लागली. पातं बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीनं २०२५ मध्ये त्या बेटाशी १ कोटी ५ लाख डॉलरची तडजोड केली. विरोधकांना एवढं मोठं हत्यार आयतं कुणीच दिलं नव्हतं.

ट्रम्प यांचं वैर कुठून आलं?

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ ट्रम्प यांचं गोल्फ मैदान आहे. त्याच्यासमोर समुद्रात ११ पवनचक्क्या येणार होत्या. मैदानावरून दिसणारा देखावा बिघडतो म्हणून ते तेव्हापासून भांडत आले. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेच्या समितीपुढं जाऊन त्यांनी साक्ष दिली. पर्यटनाचं नुकसान होईल याला पुरावा काय, असं विचारल्यावर पुरावा मीच, अशा अर्थाचं उत्तर दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. २०१८ पासून त्या पवनचक्क्या मैदानासमोर फिरतायत.

तिथं ते एक साधे फिर्यादी होते. अमेरिकेत मात्र सहीचा अधिकार त्यांच्याच हातात आला. २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, त्यांनी आदेश काढला: समुद्रात पवनचक्क्यांसाठी नवीन जागा द्यायची नाही, आणि परवानग्याही थांबवायच्या. त्याआधीच्या बायडेन सरकारनं २०३० पर्यंत ३० हजार मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते तिथंच बारगळलं. जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्यानं करसवलतीची मुदतही कमी केली.

पण खरी खळबळ झाली ती चालू कामं थांबवल्यावर. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या 'एम्पायर विंड'चं काम अंतर्गत मंत्री डग बर्गम यांनी थांबवलं. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीचा हा प्रकल्प. आठवड्याला पाच कोटी डॉलरपर्यंत खर्च नुसता उभा, असं कंपनी म्हणाली. महिन्याभरानं स्थगिती उठली. त्याबदल्यात न्यूयॉर्कनं गॅसच्या पाइपलाइनला रस्ता दिला अशी चर्चा झाली, तिथल्या गव्हर्नरबाईंनी ती नाकारली.

ऑगस्टमध्ये 'रिव्होल्यूशन विंड'ची पाळी. ६५ पैकी ४५ पवनचक्क्या उभ्या, ८० टक्के काम झालेलं, आणि वरून पत्र आलं की थांबा. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं. रोजचं नुकसान वीस लाख डॉलरच्या वर. तिथं कामावर होते ते वेल्डर, क्रेनवाले, खलाशी, आणि त्यांच्या कामगार संघटना सरकारविरुद्ध उभ्या राहिल्या. २२ सप्टेंबरला न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी काम सुरू करू दिलं. त्यांना या पदावर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेलं. ८ डिसेंबरला दुसऱ्या एका कोर्टानं जानेवारीचा परवानग्या थांबवण्याचा आदेशच मनमानी म्हणून रद्द केला. तेवढ्यावर मिटेल असं वाटलं, तर २२ डिसेंबरला सरकारनं बांधकाम चालू असलेले पाचही प्रकल्प पुन्हा थांबवले. कारण पुन्हा सुरक्षेचं, रडारचं. रिव्होल्यूशन विंडला जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा त्याच लॅम्बर्थ यांच्या कोर्टातून काम सुरू करायची मुभा मिळाली.

त्या पाचात व्हर्जिनिया राज्याचाही प्रकल्प होता, १७६ पवनचक्क्यांचा, देशातला सगळ्यात मोठा. तिथले तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन ट्रम्प यांच्याच पक्षाचे, आणि त्यांचा या प्रकल्पाला पाठिंबा होता. कारण तिथं बंदराला काम मिळालं, तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. म्हणजे हा डावे विरुद्ध उजवे असा सरळ झगडा नाही. मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींना गच्चीवरून पवनचक्की नको होती, व्हर्जिनियाच्या रिपब्लिकनांना बंदरासाठी हवी होती.

आपल्याकडं काय स्थिती आहे?

भारतात समुद्रात अजून एकही पवनचक्की वीज देत नाही. केंद्राचं धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातेत पिपावावजवळ खंबातच्या आखातात वारा मोजायचं यंत्र बसवलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूसमोर पाचशे-पाचशे मेगावॉटसाठी. त्यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. निविदा निघाल्या, पण २०२५ मध्ये त्या रद्द झाल्या.

महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या यादीत नाही. त्यामुळं कोकणातल्या मच्छीमारांपुढं हा प्रश्न आज उभा नाही. त्यांच्यापुढं सध्या वाढवण बंदराचा आहे.

समुद्राच्या हद्दीचं आपलं गणित अमेरिकेपेक्षा थोडं वेगळं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची सागरी हद्द, त्यापुढं २०० मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र. २०१५ च्या धोरणानुसार पवनचक्क्यांसाठी समुद्रतळाची जागा भाड्यानं द्यायचं काम केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडं आहे, आणि वारा मोजणं, तळाची पाहणी हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडं. कुठले पट्टे घ्यायचे याचा कच्चा नकाशा तिथंच तयार होतो. तामिळनाडूचे पट्टे मन्नारच्या आखाताच्या बाजूचे आहेत, आणि तिथं मासेमारी बारमाही चालते.